उसनं वजा जाता

मी कशावर काम करते असं कोणी विचारलं, की मी आधी त्या माणसाकडे नीट बघून घ्यायची. खरंच विचारतोय, की चहा येईपर्यंत वेळ काढतोय? दुसऱ्या प्रकारातला असला तर "धातूंवर" एवढं सांगून मोकळी व्हायची. पहिल्या प्रकारातली माणसं फारशी भेटलीच नाहीत.

खरं उत्तर असं होतं. मॅग्नेशियमचा तुकडा घेतला तर तो धातू. चमकतो, त्यातून वीज वाहते. त्यातला एकच अणू घेतला तर त्याला धातू म्हणायला काही आधार नाही. मग किती अणू एकत्र आले म्हणजे धातू सुरू होतो? दोन, चार, वीस? अशा मोजक्या अणूंच्या झुबक्याला आमच्यात क्लस्टर म्हणतात. त्यात इलेक्ट्रॉन कसे बसतात आणि अणू एकमेकांना कशाच्या जोरावर धरून ठेवतात, हे कॉम्प्युटरवर गणित करून काढायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय. मॅग्नेशियम हातात धरायची वेळ कधी आली नाही. माझा नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. तो म्हणायचा, "आमच्याकडे पोत्यानं येतं. मूठभर आणून देतो, तुझ्या सात पिढ्यांचं रिसर्च भागेल."

मॅग्नेशियम हा मुळात फटकून राहणारा अणू. त्याच्या सगळ्यात बाहेरच्या खोलीत दोनच इलेक्ट्रॉन मावतात, आणि दोन असतात. खोली भरलेली. कोणाकडून काही घ्यायला नको, कोणाला द्यायला नको. असे दोन अणू जवळ आणले तरी ते एकमेकांना जेमतेम ओळख दाखवतात. पण चार आणले, म्हणजे तीन बाजूंच्या पिरॅमिडच्या चार टोकांवर एकेक, की काहीतरी बदलतं. वरच्या मजल्यावर एक मोठी रिकामी खोली असते, ती चौघांच्या उपयोगात यायला लागते, इलेक्ट्रॉन पसरतात आणि घट्ट बंधन तयार होतं. निदान माझं म्हणणं तसं होतं. सगळा प्रबंध त्या चौघांवर उभा होता.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं होती. आम्ही जुईनगरला राहायचो. डिपार्टमेंटच्या मशीनवर सगळ्यांचे नंबर लागलेले असायचे आणि आपला नंबर आला की कोणाचं तरी अर्जंट निघायचं. माझ्या गाइडनी, म्हणजे सरांनी, खटपट करून एक जुना फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर मला घरी न्यायला मिळवून दिला. तो बेडरूममध्ये कपाटाशेजारी ठेवला. गणित सुरू केलं की तो दिवसचे दिवस घरघरत बसायचा आणि पडद्यावर एका ओळीखाली एक ऊर्जेचे आकडे यायचे. आकडा खाली खाली जात स्थिरावला की गणित जमलं. मधेच वीज गेली की सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

आणि वीज जायची. आमच्या इमारतीला तीन फेज होत्या आणि कोणत्या फ्लॅटला कोणती, हे बांधणाऱ्यानं ठरवलेलं. आमची फेज सगळ्यात अशक्त. आमच्याकडे अंधार आणि समोरच्या दारातून पंख्याचा वारा येतोय, हे नेहमीचं. यूपीएस होता, पण तो देवाला हात जोडण्यापुरता वेळ द्यायचा. त्यावर उपाय एकच. समोरच्या घरातून वायर ओढायची.

समोर साताऱ्याकडचं जोडपं राहायचं. नवऱ्याचा घाऊक बाजारात कांदा-बटाट्याचा गाळा. तो पहाटे जायचा, दुपारी येऊन झोपायचा, आणि निम्मा महिना खरेदीसाठी नाशिककडे असायचा. बायको माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकमेकींना वहिनी म्हणायचो. कोणाच्या भावाची कोण, हे असल्या वसाहतीत विचारायचं नसतं. तिच्या स्वयंपाकघरातल्या प्लगमधून निघालेली लांब पिवळी वायर दोन्ही उंबऱ्यांवरून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत यायची. आमची फेज गेली की यूपीएसचा बीप तिलाच आधी ऐकू जायचा. हातातलं पीठ न धुता ती बटण दाबायची आणि मग दारात येऊन सांगायची, "दिली बगा लाईट."

याच्या बदल्यात आमचा फोन. त्यांनी अर्ज केलेला होता, पण तेव्हा फोन मिळणं म्हणजे वाट बघणं. तोवर आमचा नंबर पुढे 'पीपी', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लावून त्यांनी गावभर दिला होता. जास्त करून तिच्या आईचा फोन असायचा. आई बाजाराच्या दिवशी तालुक्याला यायची आणि बूथवरून लावायची. मी उचलला की तिकडून दणका यायचा, "कोन, मास्तरीन का? माझ्या पोरीला हाक मारा की." मी मास्तरीण नव्हते हे मी सुरुवातीला सांगून बघितलं. मग सोडून दिलं. हाक मारून लेक येईपर्यंत मीटर पळू नये म्हणून ती फोन ठेवून पुन्हा लावायची, आणि कधी कधी न ठेवता माझ्याशीच बोलत बसायची. पाऊस किती झाला, म्हशीनं कोणाला लाथ मारली, मी अजून शिकतेच कशी, सासरचे काही म्हणत नाहीत का. मग वहिनी यायची, जमिनीवर फतकल मारून बसायची आणि साताऱ्यापर्यंत आवाज नुसत्या घशाच्या जोरावर जावा असं बोलायची.

बोलून झालं की ती कॉम्प्युटरसमोर उभी राहायची. "जमलं का?" असं विचारायची. आमच्यात आकडा स्थिरावण्याला भलामोठा इंग्रजी शब्द आहे, पण मला तिचाच आवडायचा. नाही जमलं म्हटलं की म्हणायची, "सोयरीक हाय ती. दम धरा."

दोन अणूंचं गणित जमलं तेव्हा बंधन अपेक्षेपेक्षा बरंच घट्ट निघालं. मी खूश. चारांचं तर फारच घट्ट. मी भजी तळली, समोर दिली, आणि छापील कागदांची चळत घेऊन सरांकडे गेले. सरांनी पेन्सिल काढली. सर हा शांत माणूस. रागावले की आणखी शांत व्हायचे. दोन अणूंच्या आकड्याभोवती त्यांनी गोल काढला आणि म्हणाले, "फटकून राहणारी दोन माणसं एवढी गळ्यात गळे घालताहेत, तुला शंका नाही आली?"

नव्हती आली. चांगल्या आकड्यावर शंका घ्यायची माझी तयारी कमीच.

चूक कुठे होती ते सांगते. आमच्याच धंद्यात होऊ शकेल अशी ती चूक आहे. इलेक्ट्रॉन कुठे कुठे असू शकतो हे सांगायला प्रत्येक अणूला गणितातली काही फंक्शनं द्यावी लागतात. जास्त दिली तर उत्तर चांगलं येतं, पण मशीन मरतं. म्हणून आम्ही हात आखडून देतो. एकटा अणू त्या तुटपुंज्या सामानात कसाबसा संसार करतो. शेजारी दुसरा अणू आला, की हा त्याचं सामान वापरायला लागतो. त्यामुळे त्याची ऊर्जा खाली येते, आणि कागदावर ते बंधन दिसतं. प्रत्यक्षात बंधन नाही, नुसती उसनवारी.

ती वजा करायची एक रीत आहे. शेजाऱ्याचा गाभा काढून टाकायचा, त्याचे इलेक्ट्रॉन काढून टाकायचे, पण त्याची फंक्शनं जागच्या जागी ठेवायची. अणू नाही, सामान आहे. त्याला आम्ही भुताचा अणू म्हणतो, आणि सगळे गंभीर चेहऱ्यानं म्हणतात. मग एकट्या अणूचं गणित त्या भुताच्या सोबतीनं पुन्हा करायचं. ऊर्जा जेवढी खाली आली, तेवढी उसनवारी. ती वजा जाता उरेल ते खरं.

मी दोघांचं करून बघितलं. काही उरलं नाही. प्रयोगात जे बारीकसं बंधन दिसतं, ते पकडण्याएवढं माझं सामान नव्हतं, आणि जे माझ्याकडे दिसत होतं ते सगळं उसनं होतं. मी फार घाबरले. चारांचंही असंच झालं तर प्रबंधात जिवंत असं काहीच राहणार नव्हतं. त्यात सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या आधी प्रबंध गेला नाही तर दुसरा गाइड शोधायचा, त्याला हा विषय आवडायला पाहिजे, नोंदणी पुन्हा करायची. आमच्या डिपार्टमेंटमध्ये तसं झालेल्या दोघी होत्या. दोघीही शेवटी शाळेत शिकवायला लागल्या. शाळेत शिकवणं वाईट नाही, पण मला तिथं ढकललं जायचं नव्हतं.

सर म्हणाले, चारांचं आधी जास्त फंक्शनं देऊन नव्यानं कर, मग भुतं ठेवून कर. निघताना म्हणाले, "आणि एक लक्षात ठेव. ही वजाबाकी कधी कधी जास्त कापते. आलेल्या उत्तरावर आंधळा विश्वास नको." मी मान हलवली. मला तेव्हा फक्त उत्तर हवं होतं.

त्याच दिवसांत समोर फोन आला. लाइनमन आला, काळा डबा बसवून गेला, वहिनीनं त्याला हळद-कुंकू लावलं आणि आमच्याकडे पेढे दिले. पाठोपाठ वीजवाल्यांनी रस्त्याकडेचा ट्रान्सफॉर्मर बदलला आणि आमची फेज शहाण्यासारखी वागायला लागली. पिवळी वायर गुंडाळून मी माळ्यावर टाकली. आणि आमची दारं बंद झाली.

भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. भांडण नाही, काही नाही. तिला यायचं कारण राहिलं नाही, मला जायचं राहिलं नाही. जिन्यात भेटलो की "काय म्हणताय?" "चाललंय." बस. बाजाराच्या दिवशी समोरून तिचा मोठा आवाज यायचा. आईशी बोलत असायची. आमच्याकडे फोन गप्प. एकदा तर मी हातातलं काम टाकून नुसती त्या फोनकडे बघत बसले, आणि स्वतःचाच राग आला. माझ्या आईला मी आठवड्यातून एकदा फोन करायचे तो कर्तव्य म्हणून, आणि एका न बघितलेल्या म्हातारीनं मास्तरीण म्हणावं म्हणून जीव तुटत होता.

मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, उसनवारी वजा केली. काही उरलं?"

तो म्हणाला, "तू जा ना मग समोर. दार तुलाही उघडता येतं."

मी गेले नाही. मला काय पडलंय, अशी माझी तऱ्हा. शिवाय आतून खात्रीच झाली होती की हा हिशेब बरोबर आहे. दोन अणूंचं कसं झालं ते मी स्वतः बघितलं होतं. त्याचं मला वाईट वाटत होतं, हे मात्र खरं.

चारांचं मोठं गणित लावलं तेव्हा हातात वेळ अगदीच थोडा होता. ते जमलं. मग भुतांचं लावलं. एका अणूभोवती तीन भुतं. अणू एकच, पण फंक्शनं चौघांचीच, त्यामुळे मशीनला कष्टही जवळजवळ चौघांचेच. मी घर सोडत नव्हते. दूध, भाजी नवरा आणायचा. आकडे हळूहळू खाली चालले होते आणि दर आकड्यासरशी माझ्या प्रबंधातलं थोडं थोडं उसनं ठरत होतं. दुपारी जेवून मी पडद्यासमोर बसले होते. नवरा दुसऱ्या शिफ्टला नुकताच गेला होता. फोन वाजला.

"मास्तरीनबाई का?" पुरुषाचा आवाज. मास्तरीण ऐकून मी हसले. मग तो म्हणाला, "मी तुमच्या समुरच्या वैनीचा भाऊ बोलतोय. आई गेली सकाळी."

मी म्हटलं, "त्यांच्याकडे आता फोन आहे. नंबर देऊ का?"

"हाय आमच्याकडं नंबर. तिकडं न्हाई लावायचा. तुमी जावा आन् तिला सांगा. गेली म्हनू नका पर. लई सिरीयस हाय म्हना, लगीच निघा म्हना. बाकीचं हितं आल्यावर."

ही रीत मला माहीत होती. बाईला एकदम सांगायचं नाही. तब्येत जास्त आहे म्हणायचं, प्रवास होऊ द्यायचा, आणि वेशीपाशी आल्यावर तिला माणसांच्या गर्दीवरून कळू द्यायचं. मला ती कधीच पटली नव्हती. पण त्याच्याशी वाद घालायची ही वेळ नव्हती. मी बरं म्हटलं.

समोरचं दार वाजवलं. किती दिवसांनी वाजवत होते कोण जाणे. तिनं उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आईचं काय?"

"तब्येत जास्त आहे म्हणे. लगेच निघायला सांगितलंय."

ती तशीच मागे वळली. आत गेली आणि कपाटातून जुनं, विटकं लुगडं काढून नेसली. गळ्यातलं मंगळसूत्र पदराखाली सारलं. मी बघत होते. आजारी आईला भेटायला निघालेली बाई काहीतरी खायला घेते, दोन मोसंबी, एखादा बिस्किटचा पुडा. तिनं काहीच घेतलं नाही. नवरा नाशिककडे, आज तरी सापडणार नव्हता. ती कुलूप शोधायला लागली. कुलूप टीव्हीवर, तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसत नव्हतं.

मी घरी आले. आकडा अजून हलत होता. आज संध्याकाळी, फार तर उद्या सकाळी स्थिरावला असता. ट्रान्सफॉर्मर नवा असला तरी वीज आपल्याकडचीच होती, कधीही जाणारी. ती गेली तर यूपीएसला आता मागे कोणी नव्हतं. मी नवऱ्याच्या कंपनीत गेटवर फोन करून निरोप ठेवला, पर्समध्ये सापडले ते पैसे कोंबले, मशीन तसंच चालू ठेवून दार ओढून घेतलं आणि तिला म्हटलं, "चला, मी येतेय." तिनं "कशाला" वगैरे म्हटलं नाही.

त्या गणिताचं काय झालं ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव अडकून राहील. संध्याकाळी वीज गेली. नवरा घरी आला तेव्हा पडद्यावर नुसता काळोख आणि लुकलुकणारी रेघ. मी परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि यावेळी ते जमलं. उसनवारी वजा केली. आधीच्या आकड्याचा बराचसा भाग कापला गेला. पण उरलं. चौघं एकमेकांना धरून होते, स्वतःच्या जोरावर. सरांनी त्या आकड्याभोवती गोल काढला आणि पुढे काही लिहिलं नाही. शंका असती तर प्रश्नचिन्ह काढलं असतं. प्रबंध त्यांच्या शेवटच्या महिन्यात गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकानं विचारलंच, दोघांत काही उरत नाही आणि चौघांत उरतं, ते का. मी वरच्या रिकाम्या खोलीचं सगळं नीट सांगितलं. त्याचं समाधान झालं.

पण त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही हायवेला येऊन एस.टी. पकडली. तिला खिडकीची जागा दिली. पनवेल गेलं, घाट लागला. तिनं एकदाही काही विचारलं नाही, आणि मी मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते. खोटं बोलायची मला सवय नाही. तोंड उघडलं की खरंच बाहेर पडेल अशी भीती वाटत होती. पुणं मागे पडल्यावर कंडक्टर हिशेब करत पुढे जाऊन बसला. तेव्हा ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "गेली न्हवं?"

मी म्हटलं, "हो. सकाळी."

ती रडली, आवाज न करता, पदर तोंडात धरून. मी तिचा हात धरला होता. तो कांद्याच्या वासाचा, कोरडा, जड हात. मला तिच्या आईचा तो दणदणीत आवाज आठवत होता आणि मीही रडत होते. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून बघितलं आणि पाण्याची बाटली दिली.

बऱ्याच वेळानं मी तिला विचारलं. विचारायला नको होतं असं आता वाटत नाही. म्हटलं, तुमच्याकडे फोन असून तुमच्या भावानं माझ्याकडे का लावला?

"म्याच सांगून ठिवलं हुतं," ती म्हणाली. "फोन आला न्हवं घरात, त्या दिशी गावाकडं नंबर दिला, तवाच सांगितलं. चांगलं आसंल ते हितं सांगा. वंगाळ आसंल तर समुरच्या घरी." तिनं नाक पुसलं. "आवो, म्या एकलीच आस्ती घरात. फोन खाली ठिवल्यावर म्या कुनाकडं बगायचं?"